काठाचं पाणी

सासूबाई सप्टेंबरमध्ये सिंगापूरला आल्या तेव्हा त्यांच्या सामानात मेतकूट, आमसुलं, कुळथाचं पीठ आणि भिंतीवर लावायची मराठी दिनदर्शिका होती. पहिल्या तीन वस्तू दिवाळीपर्यंत संपल्या. दिनदर्शिका स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी लागली. जानेवारीत तिच्या जागी नव्या वर्षाची आली, तीही त्यांनी आगाऊ आणून ठेवली होती. पुढे जे घडलं त्यात या दिनदर्शिकेचा हात होता, म्हणून तिचा उल्लेख आधी.

त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या. सासरे जाऊन दीड वर्ष झालं होतं. सासूबाईंचा इथला पास फेब्रुवारीअखेरपर्यंतचा होता आणि परतीचं तिकीट येतानाच काढलेलं होतं, महिन्याच्या शेवटच्या रविवारचं.

आम्ही सेम्बावांगला नवव्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन इमारतींच्या मधे सामुद्रधुनीची एक पट्टी दिसते आणि पलीकडे जोहोरचा किनारा. नवरा जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात इंजिनीअर आहे. सकाळी सव्वासहाला कंपनीची बस त्याला खालून घेऊन जाते. मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर सतरा वर्षं काढली. इथे घरबसल्या कंपन्यांचे अहवाल संपादित करते. दर शनिवारी सकाळी किनाऱ्यावरच्या एका लहानशा क्लबात शिडाची होडी चालवायला जाते. क्लब म्हणजे पत्र्याची एक शेड, पाण्यात उतरणारा सिमेंटचा उतार, पाण्याचा एक नळ आणि दोन माणसांच्या आठ होड्या.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सासूबाई माझ्याबरोबर आल्या. घरी बसून कंटाळा आला, एवढंच कारण होतं. उतारावर मांडलेल्या होड्या त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिल्या.

"ह्या होड्या? ह्या तर काथवटी झाल्या. पीठ मळायच्या."

मी शीड चढवायला लागले. त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. दोन मिनिटांनी म्हणाल्या, "तो दोर आतून घेतलायस. वारा भरला की शिडाला घासेल. बाहेरून घे."

दोर खरंच आतून गेला होता. तीन वर्षं मी तो तसाच घेत होते.

लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. त्यांचं माहेर कोकणात खाडीकाठी आहे हे मला ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांची तर होती, म्हणजे खाडीच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर माणसं नेणारी शिडाची मोठी होडी, हे मला त्या दिवशी कळलं. ती होडी वडील आणि दोन थोरले भाऊ चालवत. सहा-सात वर्षांच्या असल्यापासून सासूबाईही होडीत असत.

"मग सुकाणू तुम्हीही धरलं असेल," मी म्हणाले.

"मुलीच्या हातात कोण देतंय सुकाणू? मी मागे बसून पाणी उपसायचे. डालड्याचा डबा होता. लग्न होईपर्यंत पाणीच उपसलं."

त्यांनी हे ज्या सुरात सांगितलं त्याच सुरात त्या दुधाचा भाव सांगतात. नंतर हा विषय पुन्हा काढला नाही. मात्र पुढच्या शनिवारी साडेसातला त्या बूट घालून दाराशी उभ्या होत्या.

क्लबचा नियम साधा आहे. प्रमाणपत्राशिवाय सुकाणूला हात लावता येत नाही, शिकताना सोडून. प्रमाणपत्रासाठी तीन परीक्षा. पन्नास मीटर पोहणं. उलटलेली होडी स्वतः सरळ करून तिच्यात चढणं. आणि तिसरी म्हणजे दहा वाजता निघून, पूर्वेला नदीच्या मुखाशी असलेल्या एका छोट्या झाडीच्या बेटाला वळसा घालून, साडेबाराच्या आत परत येणं. परीक्षार्थीने सुकाणू सोडायचं नाही. सोबतीला एक जण चालतो, पण तो शिडाचे दोर सांभाळेल, होडीच्या पोटातून पाण्यात उतरणारी फळी वरखाली करेल, सुकाणूला हात लावणार नाही.

शिक्षक चिनी वंशाचे, शिपयार्डमधून निवृत्त झालेले. सगळे त्यांना अंकल म्हणतात. वय सासूबाईंच्या आसपासच असावं. ते त्यांना आंटी म्हणत, त्या त्यांना मास्तर म्हणत. ते त्यांच्या इंग्रजीत बोलत, त्या मराठीत, आणि अडलं तर मी मधे. अडत फारसं नसे.

"आंटी, यू होल्ड टू हार्ड. बिग बोट हॅण्ड. धिस वन स्मॉल बोट, स्मॉल हॅण्ड कॅन, लाह."

"काय म्हणतायत?"

"घट्ट धरता म्हणतायत. दोन बोटांनी धरा."

"हात देवाने दिलेत, बोटांनी काय धरायचंय? बरं, सांग, धरते म्हणावं."

आणि त्या दोन बोटांनी धरत.

घरी विरोध होता. नवऱ्याला लहानपणापासून होडीत पोटात ढवळतं. तो किनाऱ्यावरसुद्धा येत नसे.

"आई, तुझे गुडघे. परवाच फिजिओकडे गेलो होतो आपण."

"गुडघे होडीत लागतात का? होडीत बसायचं असतं."

"आणि उलटली तर?"

"उलटवतातच रे ते. परीक्षेत आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ताटातल्या आमटीकडे पाहिलं. आमची मुलगी, वय वर्षं तेरा, मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "आजी सो स्टेडी, लाह." तिच्या शाळेत याहून मोठं कौतुक नाही, असं तिने नंतर समजावून सांगितलं.

पोहण्याची परीक्षा नोव्हेंबरमध्ये झाली. एका कॉन्डोच्या, म्हणजे खासगी गृहसंकुलाच्या, तलावात, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज घालून. त्यांचं पोहणं कुठल्याच पुस्तकात बसणारं नव्हतं, मान सतत वर आणि हात पाण्याखाली. पन्नास मीटर संपल्यावर त्या थांबल्या नाहीत, अजून एक फेरी मारली. मास्तरांनी घड्याळ बंद करून टाकलं होतं. उलटलेल्या होडीची परीक्षा डिसेंबरमध्ये. पहिल्या दोन वेळा त्या चढताना मागे पडल्या. तिसऱ्या वेळी फळीवर उभ्या राहून त्यांनी होडी ओढून सरळ केली आणि पोटावर आत पडल्या. तोंडातून पाणी टाकत म्हणाल्या, "लिहून घ्या म्हणावं."

राहिली तिसरी. तिच्यासाठी क्लबने दोन शनिवार दिले होते. एक फेब्रुवारीच्या सुरुवातीचा, दुसरा शेवटचा. शेवटच्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं.

इथे पाण्याविषयी थोडं सांगावं लागेल. सेम्बावांगसमोरची सामुद्रधुनी पश्चिमेला बंद आहे. जोहोरला जोडणारा रस्ता भराव घालून बांधल्यामुळे पाणी पलीकडे जात नाही. समुद्र फक्त पूर्वेला. भरतीचं पाणी पूर्वेकडून आत येतं, ओहोटीचं त्याच वाटेने बाहेर जातं. बेट पूर्वेला आहे. जानेवारी-फेब्रुवारीत वाराही ईशान्येचा, म्हणजे बेटाकडे जाताना तोंडावर. त्यात भरतीचं पाणीही तोंडावर आलं तर लहान होडी तिरपी-तिरपी जात राहते आणि किनाऱ्यावरचं तेच झाड पुन्हा पुन्हा समोर येतं. त्यामुळे ओहोटी किती वाजता सुरू होते आणि किती वाजता संपते, यावर सगळी परीक्षा.

पहिल्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी दिनदर्शिका पाहिली. दुसऱ्या दिवशी शुद्ध सप्तमी होती. त्यांनी भाजी चिरता चिरता हिशेब केला. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या केला जातो तोच. तिथीची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण.

"सात पाऊण सव्वापाच. पहाटे सव्वापाचला भरती भरली. त्यापुढे सहा तास ओहोटी. म्हणजे सव्वाअकरापर्यंत पाणी बाहेर जाणार. दहाला निघू, पाणीच नेईल बेटापर्यंत. वळलो की भरती लागेल, तीच परत आणेल."

हिशेब सुरेख होता. मी त्याच रात्री जेवणानंतर मोबाईलवर इथलं भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं. ओहोटी दहाच्या आधीच संपत होती. इथे दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. एक मोठी, एक लहान, आणि अष्टमीच्या आसपास, ज्याला त्या भांगाचं पाणी म्हणतात त्या दिवसांत, लहान भरती इतकी लहान होते की वेळाही सरकतात. पाऊणपटीला हे माहीत नाही.

सतरा वर्षं माझं काम एकच होतं. दुसऱ्याने लिहिलेला आकडा छापायला जाण्याआधी तपासणं, आणि चुकला असेल तर सांगणं, तो कुणीही लिहिलेला असो. मी आकडा तपासला. तो चुकलेला होता. मी काही बोलले नाही. सकाळी बोलू असं ठरवलं. सकाळी उतारावर मास्तर होते, परीक्षेला आलेल्या दुसऱ्या दोन होड्या होत्या, आणि सासूबाई सगळ्यांना सव्वाअकराचा हिशेब समजावून सांगत होत्या. चार लोकांत सासूला खोटं पाडायचं नाही हे मला कुणी शिकवलेलं नाही. ते शिकवावं लागत नाही.

दहाला निघालो. पाणी आत येत होतं. भांगाचं म्हणून जोर कमी, पण वारा तोंडावर. पावणेअकराला आम्ही मासे पाळायच्या तरंगत्या पिंजऱ्यांपाशी होतो. इथे त्यांना केलोंग म्हणतात. सव्वाअकरालाही तिथेच होतो. पिंजऱ्यावरचा कुत्रा आधी भुंकला, मग भुंकून कंटाळला. सासूबाई सुकाणू दोन बोटांनी धरून पाण्याकडे पाहत होत्या. पाण्यावरून एक नारळाचं सालपट वाहत आलं आणि आमच्या बाजूने मागे, पश्चिमेला गेलं.

"भरती लागलीय," त्या म्हणाल्या.

"हो."

"केव्हापासून?"

"दहाच्या आधीपासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. साडेबाराला मास्तरांची मोटरबोट आली आणि आम्हाला दोराने बांधून परत घेऊन गेली. बेटापर्यंत अर्धी वाट बाकी होती. दुसऱ्या दोन होड्या त्याआधीच बेट न गाठता परतल्या होत्या, पण सासूबाईंना त्यात समाधान नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी ओले कपडे वाळत घातले, चहा टाकला आणि ओट्याशी उभ्या राहून विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधी?"

"काल रात्री. कोष्टक पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळ्यांसमोर तुम्हाला कसं सांगणार?"

"काल रात्री कोण होतं सगळे? ह्या भिंती?"

मी कपबशा ओट्यावर मांडल्या.

"हे बघ. सून इथे, ह्या ओट्याशी. तीही कधीमधी. होडीत कसली सून आणि कसली सासू? माझ्या बापाच्या होडीत कुणी दिसलं ते बोललं नाही, तर तो त्याला पुढच्या खेपेला काठावर ठेवायचा. खडक दिसला तर खडक म्हणायचं. मला वाईट वाटेल म्हणून खडक गिळायचा नाही." त्यांनी चहा गाळला. "आणि तुझं ते कोष्टक मला दाखव."

मी दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते पाहिलं आणि मोबाईल परत दिला. "हे कुठल्या धक्क्यावरचं आहे?"

कोष्टक दक्षिणेच्या बंदराचं होतं. सेम्बावांगचं नव्हतं. तेही मी पाहिलेलं नव्हतं. डेस्कवर असते तर दिवसभर ऐकावं लागलं असतं.

"म्हणजे माझंही चुकलं आणि तुझंही अर्धंच," त्या म्हणाल्या. "उद्यापासून पाणी बघायला जाते."

दुसऱ्या दिवसापासून तीन आठवडे त्या रोज सेम्बावांगच्या जुन्या धक्क्यावर गेल्या. नाश्ता झाला की निघत. बरोबर पाण्याची बाटली, डब्यात दडपे पोहे आणि माझी वार्ताहरांची लांबोडी वही. पुण्याहून आणलेल्या दोन कोऱ्या उरल्या होत्या, त्यातली एक. धक्क्याच्या दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. त्या पायऱ्या मोजत. किती पायऱ्या ओल्या, किती बुडालेल्या, किती वाजता. पहिल्या आठवड्यात त्यांच्या नोंदी अशा होत: "९.४०. सात बुडाल्या. १०.१०. सात. १०.३०. सहा आणि अर्धी." मी सतरा वर्षांत वाचलेल्या बातम्यांपैकी फार थोड्या इतक्या स्वच्छ होत्या.

धक्क्यावर गळ टाकून बसणारे एक मलय गृहस्थ रोज येत. चौथ्या दिवशी त्यांनी वहीत डोकावून पाहिलं. पाचव्या दिवशी त्यांनी कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणली, दुधाशिवायची, आणि सासूबाईंनी डबा पुढे केला. या दोघांत समान भाषा एकही नव्हती. तरी त्यांच्याकडून सासूबाई एक गोष्ट शिकल्या. ते गळ मधल्या धारेत टाकत नसत. काठालगत, खारफुटीच्या मुळांशी टाकत. हाताने दाखवत, मधलं पाणी इकडे जातंय आणि काठाचं तिकडे.

सासूबाईंनी दोन दिवस फक्त कचरा पाहिला. पानं, काड्या, एक हिरवी चप्पल. मग वहीत लिहिलं: "ओहोटी जोरात असताना काठाचं पाणी थांबतं. कधी उलटं चालतं. रुंदी चार होड्या. फार नाही."

दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी वद्य द्वादशी होती. संध्याकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो. दिनदर्शिका, वही आणि मोबाईल समोर.

"उद्या त्रयोदशी. तेरा पाऊण पावणेदहा," त्या म्हणाल्या. "अवसेजवळ हिशेब बऱ्यापैकी जुळतो, मी ताडून पाहिलंय. फक्त इथे पाणी टोकाला येतं म्हणून उशीर होतो. पाऊण तास धर. साडेदहाला भरणार. तुझं काय म्हणतं?"

"वीस मिनिटं आधी. पण ते दक्षिणेचं."

"मग साडेदहा. आता बोल, ह्यात चूक काय?"

मी बोलले. अवसेजवळचं उधाणाचं पाणी, म्हणजे ओहोटी जोराची. जाताना ती नेईल. येताना वारा मागून असला तरी ओहोटी तोंडावर असेल, आणि अकरानंतर ती वाढतच जाईल. बेटाला वेळेत पोचू, परत वेळेत येणार नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. वहीचं एक पान उलटून माझ्यापुढे सरकवलं. तेच, चार होड्यांच्या रुंदीचं.

"येताना इथून," त्या म्हणाल्या.

"आई, तिथे चिखल आहे. फळी टेकेल. होडी रुतली तर परीक्षा तिथेच संपली."

"म्हणून तर तू आहेस. तू खोली सांगायची, मी चालवायची. आणि गिळायचं नाही काही."

शनिवारी दहाला तीन होड्या निघाल्या. त्याच तीन. साडेदहापर्यंत पाणी जवळजवळ उभं होतं आणि वारा नावालाच. दहा चाळीसला केलोंगच्या खांबांवर पाण्याची ओळ पूर्वेला वळली. फरक दहाच मिनिटांचा. सासूबाईंनी ते पाहिलं. पिंजऱ्यावरचा कुत्रा या वेळी एकदाच भुंकला, मग आम्ही पुढे होतो. अकराच्या सुमाराला वारा आला. ओहोटी आणि वारा समोरासमोर आल्याने लाटा आखूड आणि टोकदार झाल्या. होडीत पाणी येऊ लागलं. अकरा चोवीसला आम्ही बेटाला वळसा घातला. दोन होड्या आमच्या पुढे होत्या, त्या वळून सामुद्रधुनीच्या मध्यावर गेल्या. वारा तिथे चांगला होता. शिडं भरली आणि त्या झपाट्याने निघाल्याशा दिसल्या.

त्या दिसत होत्या तेवढ्या जात नव्हत्या. पाणी शिडाखालून उलट धावत होतं. मागे किनाऱ्यावरची झाडं पाहिली की कळत होतं.

सासूबाईंनी होडी काठाकडे वळवली. मास्तरांची मोटरबोट दूरवर होती. त्यांनी हात वर केला, बाहेर, बाहेर, अशी खूण केली.

"मास्तर काय म्हणतायत?"

"बाहेर जा म्हणतायत. चिखल आहे."

"आहेच. सांग खोली."

मी वल्ह्याला दर फुटावर रंगाची खूण केली होती. ते उभं पाण्यात घालत राहिले.

"पाच फूट. पाच. साडेचार. आई, जवळ जातोय."

"जातोय."

"चार. तीन. फळी अर्धी घेते."

"घे."

"अडीच. आई, चिखल! बाहेर घ्या!"

फळी टेकली. होडी एक क्षण अडखळली आणि पुढचं टोक काठाकडे वळू लागलं. मी फळी पूर्ण वर ओढली. त्यांनी दोन बोटं सोडली आणि संपूर्ण मूठ आवळून सुकाणू ओढलं, मास्तरांनी चार महिने सांगितलेलं सगळं बाजूला ठेवून. होडी चिखलावरून सरकली, खाली कुरकुरली आणि सुटली.

"किती?"

"तीन. साडेतीन."

"एवढ्यावरच ठेवायची. बोलत राहा."

मी बोलत राहिले. साडेतीन, चार, साडेतीन, तीन, मूळ आहे डावीकडे, साडेतीन. आयुष्यात त्यांच्याशी सलग एवढं मी कधीच बोलले नव्हते. दोनदा मी बाहेर घ्या म्हणाले आणि त्यांनी घेतली. एकदा म्हणाले आणि त्यांनी नाही घेतली. तेव्हा त्यांचं बरोबर होतं. खारफुटीची मुळं हाताच्या अंतरावरून जात होती. मग मी पाण्याकडे पाहिलं. एक पिवळं पान आमच्याच बरोबर, आमच्याच दिशेने चाललं होतं. पश्चिमेला.

बाराला दहा मिनिटं कमी असताना एक होडी आमच्या बरोबरीत आली, म्हणजे आम्ही तिच्या. बारा वाजता दोन्ही मागे होत्या. दोघांची शिडं पूर्ण फुगलेली आणि दोन्ही होड्या जागच्या जागी. सासूबाईंनी एकदाच मागे पाहिलं.

"बिचारे," त्या म्हणाल्या. बोलण्यात दया अजिबात नव्हती.

शेवटच्या चारशे मीटरला खारफुटी संपते आणि दगडी बांध सुरू होतो. तिथे काठाचं पाणी नाही. ओहोटी थेट अंगावर आली. वारा चांगला होता, पण होडीत घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं आणि ती जड झाली होती. बारा सतरा. उतार दिसत होता. उतारावर एक माणूस उभा होता, ऑफिसचे बूट घातलेला. तो माझा नवरा आहे हे ओळखायला मला वेळ लागला, कारण तो तिथे असण्याची मी अपेक्षा केली नव्हती.

"पाणी काढ," सासूबाई म्हणाल्या.

होडीत एक प्लास्टिकचा कापलेला कॅन असतो. मी दोन्ही हातांनी उपसायला लागले. होडी हलकी होत गेली, तसा वेग वाढत गेला. बारा वीस. बारा बावीस. त्यानंतर मला घड्याळ दिसत नव्हतं. पाणी आणि त्यांचे बूट तेवढे दिसत होते. मग उतारावरून भोंगा वाजला.

बारा पंचवीस. दुसरी होडी बारा एकोणचाळीसला आली, तिसरी दोराला बांधून.

मास्तर मोटरबोट लावून आले. त्यांनी पाटीवरचा कागद काढला, तारीख घातली, वेळ घातली, आपली सही केली. मग सासूबाईंच्या होडीकडे, फळीला लागलेल्या काळ्या चिखलाकडे पाहिलं.

"आंटी, यू व्हेरी नॉटी," ते म्हणाले. आणि कागद पुढे करत, "शिपयार्डमध्ये चाळीस वर्षं. त्या काठाने कुणाला येताना पाहिलं नाही."

मी भाषांतर केलं. "त्यांना सांग," सासूबाई म्हणाल्या, "मीही पहिल्यांदाच आले."

कागद त्यांनी दोन हातांनी घेतला आणि वाचला. इंग्रजीतला प्रत्येक शब्द, ओठ हलवत. मग तो मला दिला. "धर. भिजवू नकोस." आणि त्या होडीतून उतरल्या नाहीत. मला मात्र उतरायला सांगितलं. नवरा जवळ आला होता. अकराच्या सुमाराला जेवणाची सुट्टी घेऊन टॅक्सीने आलो, असं तो काहीतरी सांगत होता. शनिवारी त्याचं काम अर्धाच दिवस असतं, जेवणाची सुट्टी नसतेच.

"मास्तर," सासूबाई म्हणाल्या, "आता मी कुणालाही घेऊन जाऊ शकते ना?"

मी विचारलं. मास्तर म्हणाले, कॅन, म्हणजे चालेल. लाइफ जॅकेट घातलं की कॅन.

"ऐकलंस? बूट काढ," सासूबाई मुलाला म्हणाल्या.

"आई, मला ढवळतं."

"मधे बसू नकोस, मागे बस. काम असलं की ढवळत नाही." त्यांनी कॅन त्याच्याकडे टाकला. त्याने तो झेलला. "पाणी उपसायचं. थांबायचं नाही. आणि काही दिसलं तर बोलायचं."

त्याने मोजे बुटांत कोंबले, माझं लाइफ जॅकेट चढवलं आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मी होडी ढकलली. बारा बावन्नला ती उतारावरून सुटली. या वेळी ती बेटाकडे नव्हती निघाली, नुसतीच मोकळ्या पाण्याकडे, ओहोटीबरोबर. बराच वेळ मला तो खाली वाकून कॅनने पाणी बाहेर फेकताना दिसत होता. त्या सरळ बसल्या होत्या आणि सुकाणू दोन बोटांत होतं.